लाख वजा जाता

सहीला किंमत असते हे मला कोणी शिकवायला नको. ३३ वर्षं मी सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात सह्या करण्याचंच काम केलं. मस्टरवर दहा वाजून पाच मिनिटांनी केलेली सही आणि दहा वाजून वीस मिनिटांनी केलेली सही, अक्षर तेच, शाई तीच. पण दुसरीच्या शेजारी साहेबांची लाल फुली येई आणि अशा तीन फुल्या जमल्या की एक किरकोळ रजा जाई. म्हणजे सहीची किंमत अक्षरावर नसते. ती कुठे केली, कधी केली आणि कोणाच्या देखत केली यावर असते. हा सिद्धान्त मी अमेरिकेला जाण्यापूर्वीच मांडून ठेवला होता, फक्त तो कोणी विचारत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तर माझ्या सहीचा भाव पार बसला. आता ती कुरिअरवाला तेवढी मागतो, आणि तोही "काका, बोटानेच ओढा काहीतरी" म्हणतो. बँकेतली मुलगी एकदा म्हणाली, "आजोबा, सही जुळत नाही. १९७७ सारखी करा ना!" १९७७ सारखं मला पुष्कळ काही करायचं आहे हो, पण जमायला नको का?

आमच्या लहानपणी सह्या गोळा करायची एक साथच होती. गुलाबी, पिवळी, निळी, पोपटी पानं असलेली स्वाक्षरीची वही घेऊन आम्ही व्याख्यानांच्या दाराशी उभे असायचो. कोणी लेखक दिसला की धर, कोणी गवई दिसला की धर. नुसत्या सहीने आमचं समाधान होत नसे. "संदेश पण लिहा ना" असा हट्ट असे. मग ते बिचारे टांग्यात एक पाय ठेवून 'सत्य बोला' किंवा 'व्यायाम करा' असं काहीतरी लिहून द्यायचे. त्या वह्यांचं पुढे काय झालं? घर बदलताना रद्दीत गेल्या. रद्दीवाल्याने सत्य आणि व्यायाम दोन्ही किलोच्या भावाने नेले.

या बाबतीत खरे व्यवहारी एकटे गांधीजी. सही पाहिजे? हरिजन फंडाला पाच रुपये टाका आणि घ्या. सहीची किंमत सही करणाऱ्यानेच रोखीने ठरवून टाकली की मागच्या पिढीला डोकं खाजवत बसायला नको. इतर थोर लोकांनी ही दूरदृष्टी दाखवली नाही म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला होतो. तिथे म्हाताऱ्या आईबापांना दोन कामं असतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं आणि शेजाऱ्यांशी हवेविषयी बोलायचं. पैकी दुसऱ्या कामातून आमच्या शेजारच्या म्हातारबुवांची ओळख झाली. मी स्वतः ७१ वर्षांचा, पण ते ७९ चे, तेव्हा म्हातारबुवा ही पदवी ज्येष्ठतेनुसार त्यांच्याकडे जाते. पहिल्या दिवसापासून ते मला नुसत्या नावाने हाक मारायचे. माझे वडील गेल्यापासून तशी हाक मला कोणी मारली नव्हती, त्यामुळे ती ऐकली की मी अजून थोडा दचकतो.

एके दिवशी त्यांनी मला घरात बोलावून एक चेंडू दाखवला. पारदर्शक डबीत ठेवलेला, मधाच्या रंगाचा, आणि त्यावर निळसर शाईत काहीतरी लिहिलेलं. "गिल हॉजेस!" म्हातारबुवा म्हणाले. मी आदराने मान हलवली. परदेशात कळलं नाही तर मान हलवावी, एवढं इंग्रजी मला येतं.

नातवाने संध्याकाळी माझं शिक्षण केलं. ब्रुकलिनचा डॉजर्स म्हणून एक संघ होता. ज्या जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंद असलेलं दार उघडलं, तोच संघ. गिल हॉजेस त्यांचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. कारकिर्दीत ३७० होमरन काढणारा, धिप्पाड आणि स्वभावाने गरीब. १९५६ आणि १९५७ या दोन वर्षांत डॉजर्सने आपले थोडे सामने ब्रुकलिन सोडून इकडे जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियमवर खेळले. त्यातल्याच एका सामन्यात एक चेंडू प्रेक्षकांत आला. तो म्हातारबुवांच्या वडिलांनी टोपीत झेलला आणि सामना संपल्यावर बारा वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन हॉजेसपुढे उभं केलं. हॉजेसने पोराचं नाव विचारलं, 'अमक्यास शुभेच्छा' असं लिहिलं आणि खाली सही केली. १९५७ चा मोसम संपला आणि संघ लॉस एंजेलिसला निघून गेला. स्टेडियम १९८५ साली पाडलं. हॉजेस तर १९७२ सालीच गेला. राहिला तो चेंडू.

आता म्हातारबुवा घर विकून वृद्धांच्या वसाहतीत जायला निघाले होते. मुलगा शिकागोला, मुलगी इथेच अर्ध्या तासावर. मुलगा हिशेबी. त्याने घरातल्या सामानाची यादी करून नियम घालून दिला होता: २०० डॉलरच्या आतली वस्तू ज्याला हवी त्याने न्यावी, त्यावरची प्रत्येक वस्तू विकून पैसे निम्मे निम्मे. भांडणाला जागाच नाही. आमच्या कोकणातल्या घरी असा एखादा नियम असता तर वडील आणि दोन काका एका तांब्याच्या घंगाळावरून अकरा वर्षं एकमेकांच्या पंगतीला बसायचे राहिले नसते. पण आमच्याकडे घंगाळाची बाजारात किंमत काय हे कोणी विचारलंच नाही. 'आईने त्यात आम्हाला न्हाऊ घातलं' एवढी एकच किंमत तिघांनी आपापल्या कैफियतीत लिहिली होती.

"हा चेंडू कोणाला द्यायचाय?" मी विचारलं.

"मुलीला," ते म्हणाले. "नऊ वर्षांची असताना हिने कपाटातून काढून गॅरेजच्या भिंतीवर फेकायला घेतला होता. मी आधी ओरडलो. मग तिचा हात बघितला आणि स्वतःच झेलायला उभा राहिलो. पुढे ती शाळेच्या संघात खेळली. पोराने याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही."

"मग देऊन टाका की!"

"आणि दोनशेच्या वर गेला तर?"

खरी भानगड इथे होती. हॉजेस जिवंत असताना आणि गेल्यावरही, कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घ्यायचं की नाही यावर मतदानं होत राहिली आणि दर वेळी तो बाहेरच राहिला. शेवटी २०२१ च्या डिसेंबरात निवड झाली आणि २०२२ च्या जुलैत त्याला आत घेतलं. तिथे नाव लागलं की खेळाडूच्या सहीचा भाव चढतो. "पन्नास वर्षं यांना त्याची आठवण झाली नाही," म्हातारबुवा हताशपणे म्हणाले, "आणि झाली ती नेमकी माझ्या वाटणीच्या तोंडावर!"

आपल्या मालाची किंमत कमी निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्यातला निवृत्त हिशेबतपासनीस जागा झाला. जावयाकडून माहिती काढून मी एक वही घातली.

त्या वहीतलं सगळं इथे उतरवत नाही, पण विषय अजब आहे. चेंडूवर १०८ टाके असतात, आणि आजही ते हाताने घातले जातात. जपाच्या माळेत मणी तेवढेच, त्यामुळे आमच्या हिने चेंडूला लगेच नमस्कार केला. दोन शिवणी जिथे एकमेकींच्या अगदी जवळ येतात, ती चिंचोळी जागा म्हणजे 'स्वीट स्पॉट'. सही तिथे, एकट्याची आणि निळ्या बॉलपेनने केलेली असली की भाव वर. दुसरीकडे रुंद जागेवर असली की खाली. पूर्ण संघाने सह्या केल्या तर ती मधली जागा व्यवस्थापकासाठी मोकळी सोडायची रीत. आपल्याकडे लग्नपत्रिकेत वरची ओळ कुलदैवताला असते तशीच.

बेब रूथने आयुष्यभर वाटेत भेटेल त्या पोराला सही दिली. तरीही त्याची एकट्याची सही असलेला, नवा दिसणारा एक चेंडू २०१२ साली पावणेचार लाखांहून अधिक डॉलर्सना गेला. कारण पोरं त्या चेंडूंनी खेळली. जो न खेळता राहिला त्याची किंमत! जो डिमॅजिओ आणि मेरिलिन मन्‍रो यांचं लग्न १९५४ साली झालं आणि नऊ महिन्यांत आटोपलं. दोघांच्या सह्या एकत्र असलेल्या चेंडूला २००६ सालच्या लिलावात १,९१,२०० डॉलर्स आले. संसाराला नाही आले तेवढे दिवस चेंडूला आले. उलट पीट रोझ. १९८९ साली पैजा लावल्याबद्दल त्याला खेळातून कायमचं घालवलं, तर त्याने पुढे 'मी पैजा लावल्या, मला क्षमा करा' असं चेंडूवर लिहून सहीसकट विकायला सुरुवात केली. २०२४ साली तो वारला तोवर त्याने इतक्या सह्या केल्या होत्या की भाव चढायला जागाच उरली नाही. पश्चात्ताप घाऊक झाला की स्वस्त मिळतो.

पण मला सगळ्यांत आवडला तो जो जॅक्सन. या गड्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्रं, फोटो आले की बायकोच त्याच्या नावाने सही करायची. क्वचित प्रसंग आला तर तो स्वतः चित्र काढल्यासारखी आपल्या नावाची अक्षरं काढायचा. अशी सही असलेल्या १९११ सालच्या एका फोटोला २०२१ मध्ये १४ लाख ७० हजार डॉलर्स मिळाले. मी हे हिला वाचून दाखवलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही शिकलात तिथेच चुकलं."

जिथे इतका पैसा तिथे लबाडी आलीच. १९९९ साली एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम करून खोट्या सह्यांचा कारखाना पकडला. त्यात चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल निघाले! कलकत्त्यात त्या माउलीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्या कधी चेंडू हातात घेणार? पण असा चेंडू घेणारं गिऱ्हाईकही असणारच, नाहीतर खोटं करणारा कशाला मेहनत घेईल? त्यानंतर २००१ पासून लीगने आपली माणसं मैदानावर उभी करून, डोळ्यांदेखत झालेल्या सहीलाच चकाकती पट्टी लावायला सुरुवात केली. ही माणसं बहुतेक आजीमाजी पोलीस. म्हणजे सहीला साक्षीदार, तोही पोलीस. आमच्या खात्यात साध्या प्रवासभत्त्याच्या बिलाला इतका बंदोबस्त नव्हता.

अशी तयारी करून एका शनिवारी आम्ही जवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या जत्रेला गेलो. तिथे जुन्या टोप्या, फोटो, पत्ते, बॅटी यांची टेबलं मांडली होती आणि एका टेबलामागे 'मोफत मूल्यमापन' अशी पाटी लावून एक गृहस्थ बसले होते. त्यांनी चेंडू घेतला, भिंग डोळ्याला लावलं, आणि मला एकदम लक्ष्मी रोडवरच्या सोनाराची आठवण झाली. तो सगळा आविर्भाव मला पाठ आहे. आधी दागिना उलटा करायचा, मग उसासा टाकायचा, मग आजीच्या ठुशीतले दोष सांगायला सुरुवात करायची.

"चेंडू खरा आहे," ते म्हणाले. "नॅशनल लीगचा, वॉरन जाइल्सचा शिक्का." लीगच्या अध्यक्षाचं नाव चेंडूवर छापलेलं असतं, आणि हा जाइल्स १९५१ ते १९६९ अध्यक्ष होता. म्हणजे १९५६ ची गोष्ट जुळत होती. १९४८ साली वारलेल्या बेब रूथच्या 'सह्या' जाइल्ससारख्या नंतर आलेल्या अध्यक्षाच्या चेंडूवर कोणी आणल्या तर तेवढ्यावरूनच पकडतात. म्हातारबुवांचा चेहरा थोडा उतरला.

"सहीही त्याचीच वाटते." चेहरा आणखी उतरला.

"पण मधल्या जागेवर नाही. बाजूला आहे." म्हातारबुवा खुर्चीत जरा सावरून बसले.

"शिवाय वर हे नाव घातलंय. कोण हा?"

"मी!"

"वाईट झालं. दुसऱ्याच्या नावाचा चेंडू गिऱ्हाईक घेत नाही. नुसती सही असती तर गोष्ट वेगळी." म्हातारबुवांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थाप मारली. हॉजेसने पोराचं नाव मुद्दाम विचारून लिहिलं, त्याची ही वजावट. याला कोणत्या हिशेबाच्या सदरात टाकायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

"आणि हा पिवळा रंग. यावर शेलॅक मारलंय कोणी?"

"माझ्या वडिलांनी. सही पुसू नये म्हणून."

"त्या काळी सगळेच मारायचे. तेच पिवळं पडतं आणि तडकतं."

शेलॅक म्हणजे आपली लाख हो! आपल्या छोटा नागपूरच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली. कुठला तो किडा, कुठला हा जर्सी सिटीचा बाप! आणि सोनार तरी दुसरं काय करतो? ठुशीचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, ते मोडायला नेले की पहिलं वाक्य हेच: "लाख वजा जाईल बरं का." तिथे लाख आत असते आणि इथे बाहेर, एवढाच काय तो फरक.

"हे खरचटलंय कशाने? आणि हा हिरवा डाग?"

"गॅरेजची भिंत आणि गवत," म्हातारबुवा अभिमानाने म्हणाले. "माझी मुलगी. डावखुरी आहे." एवढं बोलून ते हाताने फेकण्याचा अभिनय करू लागले, तेव्हा मी त्यांना हळूच आवरलं. मालक इतका खूश दिसला तर समोरच्याला संशय येतो.

गृहस्थांनी चेंडू खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "दीडशे डॉलर्स," ते म्हणाले. "फार तर. द्यायचा असेल तर मी आत्ता घेतो."

म्हातारबुवा आनंदाने उभेच राहिले. पण मी मंडईत वाढलेला माणूस. जो वांगी नुसती बघून पुढे जातो त्याला ती नको असतात; जो प्रत्येक वांग्याला किडकं म्हणतो तो पिशवी उघडूनच आलेला असतो. पाच दोष सांगून झाल्यावर जो मनुष्य 'आत्ता घेतो' म्हणतो, त्याच्या मनातला आकडा दीडशे नसतो. हे मी म्हातारबुवांना सांगायचं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर चेंडू आणखी दोन ठिकाणी दाखवावा लागला असता, कोणीतरी तीनशे म्हटलं असतं, आणि डावखुऱ्या मुलीच्या हाती निम्मे पैसे आले असते. शिकागोच्या मुलावरही अन्याय नको, हेही खरंच. पण त्याने नियमात 'बाजारभाव' लिहिलं होतं, आणि जाणत्या माणसाने भर बाजारात बसून आपणहून सांगितलेला भाव तो बाजारभाव. ३३ वर्षांच्या नोकरीत मी यापेक्षा लंगडे आधार मान्य केलेले आहेत.

मी एवढंच म्हणालो, "लेखी घ्या. सही आणि तारखेसकट."

लेखी दाखल्याचे २५ डॉलर्स पडले. मूल्यमापन मोफत होतं, कागद नव्हता. गृहस्थांनी नाखुशीने छापील चिठ्ठीवर चेंडूचं वर्णन, दोष आणि '१५० डॉलर्स' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली. म्हातारबुवांनी ती घडी करून छातीच्या खिशात ठेवली आणि चेंडू कोटाच्या.

आम्ही गाडीत बसून पट्टे लावतो न लावतो तोच काचेवर टकटक झाली. तेच गृहस्थ, धापा टाकत. म्हातारबुवांनी काच चार बोटं खाली केली.

"अडीचशे देतो," गृहस्थ म्हणाले. "रोख."

म्हातारबुवांनी खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि काचेला आतून लावली.

"ही सही तुमचीच ना?" त्यांनी विचारलं, आणि गाडी मागे घेतली.